मणक्यात गॅप निघाली म्हणून मशीन विकू नका

मागच्या अंकात गुडघ्यांबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती बहुतेक मानेची. नाशिकजवळच्या माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यातही दिवाळीनंतर मानेचेच पेशंट जास्त असतात. लग्नसराईची शिलाई आणि द्राक्षबागेतली विरळणी एकाच वेळी येते. या वेळी तीच पत्रं घेते. जागेअभावी ती थोडी कापली आहेत.

प्रश्न : ताई, माझं वय ४६. घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. वर्षभर मान आणि उजवा खांदा भरून येतो, संध्याकाळी तर डोकं उचलवत नाही. हाताला मुंग्या वगैरे नाहीत. एक्स-रे काढला तर ‘मणके झिजलेत, मध्ये गॅप आहे’ असं सांगितलं आणि गळ्याला पट्टा दिला. सहा महिने दिवसभर पट्टा लावतेय. हे म्हणतात मशीन विकून टाक. पण मुलीच्या कॉलेजची फी याच मशीनवर निघते. काय करू?
— एक भगिनी, सातपूर

उत्तर : मशीन विकू नका. दुखण्याइतकीच तुम्हाला त्या एक्स-रेची धास्ती बसली आहे, म्हणून आधी त्याचंच बोलते.

मानेत सात मणके असतात. वरचे दोन सोडले तर प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. वय वाढतं तसं त्या गादीतलं पाणी कमी होतं, ती थोडी चपटी होते आणि मणक्यांच्या कडेला हाडाची बारीक टोकं वाढतात. केस पिकतात तसंच हे. तुमच्या वयाच्या दहा बायकांचे एक्स-रे काढले तर बऱ्याच जणींच्या एक्स-रेत असं काही ना काही निघेल, आणि त्यातल्या कित्येकींची मान दुखतही नसेल. जपानमध्ये मानेची तक्रार नसलेल्या सुमारे १२०० माणसांचे एमआरआय काढून पाहिले होते, २०१५ साली ते प्रसिद्ध झालं. दहातल्या आठांहून जास्त जणांच्या मानेतली गादी फुगलेली निघाली, विशीतल्या मुलामुलींचीसुद्धा. त्यामुळे रिपोर्टमध्ये ‘झीज’ हा शब्द वाचून आपली मान आता मोडकळीस आली असं समजू नका. रिपोर्ट खोटा नाही. पण तुमचं दुखणं त्या झिजेमुळेच आहे, एवढं काही तो सिद्ध करत नाही.

पट्ट्याचं म्हणाल तर सहा महिने फार झाले. अपघातानंतर किंवा ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितला असेल तर तो लावायचाच, त्यात वाद नाही. पण तुमच्यासारख्या दुखण्यात फार तर सुरुवातीचे थोडे दिवस त्याचा आधार घ्यावा. जास्त दिवस लावला की मानेच्या स्नायूंना कामच उरत नाही, ते अशक्त होतात, आणि मग पट्टा काढला की जास्तच दुखतं. बाई घाबरून पुन्हा पट्टा लावते. हे चक्र मी सतत पाहते. तुम्ही आठवडाभरात पट्टा हळूहळू कमी करा. आधी घरात वावरताना काढा, मग मशीनवर बसताना.

आता खरं कारण. साडीला फॉल लावताना तुम्ही कशा बसता ते आठवा. जमिनीवर मांडी, मांडीवर साडीचा काठ, हातात सुई आणि हनुवटी जवळजवळ छातीला टेकलेली. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं. मान सरळ असली की ते मणक्यांवर तोललं जातं. मान खाली घातली की तो सगळा भार मानेमागच्या आणि खांद्यावरच्या स्नायूंना धरून ठेवावा लागतो, आणि तोही अख्खी साडी होईपर्यंत, जराही न हलता. सांजेला ते स्नायू बोंब मारणारच.

म्हणून फॉल मांडीवर लावू नका. टेबलावर साडी पसरून खुर्चीत बसा. खाली बसूनच जमत असेल तर मांडीवर दोन जाड उश्या घ्या आणि काठ छातीजवळ येईल इतका वर आणा. पायमशीनचं टेबल वर-खाली होत नाही, तेव्हा बसायचं स्टूल बदला. बसल्यावर कोपर टेबलाच्या किंचित वर आलं पाहिजे. मऊ, मध्ये खचलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून शिवत असाल तर ती आजच बाजूला करा.

आणि चष्मा! शिलाई करणाऱ्या बायकांना मी पहिला प्रश्न चष्म्याचाच विचारते. तुम्ही ४६च्या आहात. दोरा ओवताना सुई लांब धरावी लागते का? काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही म्हणून तोंड सुईजवळ न्यावं लागतं का? मग चाळिशीचा नंबर काढून घ्या आणि मशीनला सुईजवळ चिकटणारा छोटा दिवा लावा. नीट दिसायला लागलं की मान आपोआप वर येते. मानेच्या औषधांवर पैसे घालवून झाल्यावर शेवटी चष्म्याने बरं वाटलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

एका बैठकीत तासन् तास काम नको. घड्याळ लावून उठणं कुणाकडून होत नाही, म्हणून कामालाच खूण बांधा. बाही जोडली की उठायचं, हूक-बटण झालं की उठायचं. उठून पाणी प्या, खांदे गोल फिरवा, मान दोन्हीकडे सावकाश वळवा, पुन्हा बसा.

व्यायाम दोनच सांगते, पण ते रोज हवेत. पहिला : भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, नजर समोर. मान वर-खाली न करता हनुवटी सरळ मागे ओढा, म्हणजे डोक्याचा मागचा भाग भिंतीकडे जाईल. गळ्याखाली जराशी दुहेरी हनुवटी दिसेल, ती दिसू दे. पाच आकडे धरा, सोडा. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुसरा : तळहात कपाळावर ठेवा, डोक्याने हाताला पुढे रेटा आणि हाताने डोकं अडवा. मान हलता कामा नये. मग असंच मागून, मग दोन्ही बाजूंनी. सुरुवातीला हलका जोर, दोन आठवड्यांनी वाढवा. पहिले काही दिवस स्नायू थोडे ठणकतील, तेवढ्याने थांबू नका. फिनलंडमध्ये ऑफिसात बसून काम करणाऱ्या, मान दुखणाऱ्या १८० बायकांवर वर्षभराचा अभ्यास झाला होता, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी मानेची ताकद वाढवणारे व्यायाम केले, त्यांचं दुखणं नुसतं ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त कमी झालं. वर्षभर मात्र केले, हे लक्षात ठेवा.

एक सांगायलाच हवं. मान रात्री झोपेतून उठवत असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांना गाठा. मणक्याचा टीबी आपल्याकडे अजूनही दिसतो, आणि वेळेवर सापडला तर औषधांनी बरा होतो.

प्रश्न : मी पुण्यात राहून एमपीएससीचा अभ्यास करते. दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी सकाळी उठल्यावर मान एका बाजूला वळतच नाही. आजी म्हणते उशी उन्हात टाक आणि कुणी पायाळू माणूस मिळाला तर लाथ मारून घे. मैत्रीण म्हणते अजिबात हलवू नकोस. कोणाचं ऐकू?
— एक विद्यार्थिनी, वय २४

उत्तर : आजीचं अर्धं ऐक. उशी उन्हात टाकल्याने मान सुटत नाही, पण उशीला ऊन मिळालं तर वाईट काहीच नाही. लाथ मात्र नको, मानेवर तर नाहीच.

मान अशी अवघडते तेव्हा बहुतेक वेळा आतला एखादा छोटा सांधा किंवा स्नायू दुखावलेला असतो आणि त्याला जपण्यासाठी आजूबाजूचे स्नायू आखडून बसतात. दिसायला भयंकर, पण साधारण आठवड्याभरात सुटतं. पंधरा-वीस मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीने शेक, मग जेवढी वळते तेवढीच मान वळव. दुखायला लागलं की थांब आणि परत मध्ये ये. तासा-दोन तासांनी असं चार-पाच वेळा कर. मैत्रिणीचं ऐकून दोन दिवस पुतळ्यासारखी बसलीस तर आखडलेपणा वाढेल. त्या दिवसांत स्कूटर चालवू नकोस, मागचं-बाजूचं बघता येत नाही.

वारंवार होतंय म्हणून विचारते : अभ्यासिकेतल्या सपाट टेबलावर जाडजूड पुस्तक आडवं ठेवून वाचतेस ना? पुस्तक तिरकं उभं राहील असा स्टँड घे, तो मिळत नसेल तर दोन पुस्तकांचा टेकू दे. रात्री उशीवर मान दुमडून मोबाइलवर लेक्चर पाहत झोप लागते का, तेही बघ.

मात्र मान आखडण्याबरोबर जोराचा ताप, प्रचंड डोकेदुखी, उलट्या, उजेड सहन न होणं असं काही असेल आणि हनुवटी छातीला लावताच येत नसेल, तर शेकत बसायचं नाही. मेंदूच्या आवरणाला आलेल्या सुजेत असं होतं. त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं.

प्रश्न : मॅडम, द्राक्षबागायतदार आहे, वय ३८, तालुका निफाड. ऑक्टोबर छाटणीनंतर विरळणीला मजुरांबरोबर मीही उभा असतो. यंदा मानेतून कळ निघून उजव्या हातात उतरते, अंगठा आणि शेजारचं बोट बधिर वाटतं. वर बघितलं की वाढतं. रात्री हात डोक्यावर घेतला तरच झोप लागते. गावातले लोक म्हणतात सलूनमध्ये जा, तो एका झटक्यात मान मोडून मोकळी करतो. जाऊ का?

उत्तर : दादा, सलूनमध्ये मान मोडून घ्यायला जाऊ नका. हे मी हात जोडून सांगते.

मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांना असलेल्या भोकांमधून वर जातात. मान झटक्यात पिळली तर क्वचित त्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटतं, तिथे गुठळी होते आणि लकवा येऊ शकतो. हे दररोज घडत नाही, पण ज्याच्या बाबतीत घडतं त्याचं घर बसतं. कडकन आवाज येऊन दोन मिनिटं हलकं वाटण्यासाठी एवढा धोका का घ्यायचा? आणि तुमची तर नस आधीच दुखावलेली आहे.

तुम्ही फार नेमकं लिहिलंत, त्याने माझं काम सोपं झालं. अंगठा आणि शेजारच्या बोटात उतरणारी कळ ही बहुतेक वेळा मानेच्या सहाव्या नसेवर दाब आल्याची खूण असते. ही नस पाचव्या आणि सहाव्या मणक्याच्या मधून निघते. वर पाहिलं की ती जागा आणखी अरुंद होते, म्हणून मांडवाखाली कळ वाढते. हात डोक्यावर घेतला की नसेवरचा ताण सैल होतो, म्हणून झोप लागते. तसं झोपायला हरकत नाही, हाताखाली उशी घ्या.

दिलासा हा की, अशी दुखावलेली नस बहुतेकांची काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांत ऑपरेशनशिवाय शांत होते. पण आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या, कारण हाताची ताकद आणि मनगट-कोपराचे झटके हातोडीने तपासावे लागतात, ते पत्रातून होत नाही. वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून स्वतः आणून महिनाभर खाऊ नका. बीपी, किडनी किंवा पित्ताचा त्रास असेल तर त्या चांगल्याच महागात पडतात. कात्री हातातून सुटायला लागली, कोपर वाकवताना किंवा मनगट वर उचलताना जोर लागेना, किंवा दोन्ही हातांत बधिरपणा आला, तर वाट न पाहता मणक्याच्या सर्जनला दाखवा.

या हंगामात विरळणी तुम्ही करू नका, एवढं ऐका. मजुरांवर देखरेख करा. ट्रॅक्टरवर बसून मागच्या ब्लोअरकडे मान वळवून पाहत फवारणी करणंही नको. ती मान पिळलेलीच राहते, वर खड्ड्यांचे हादरे. दुसऱ्याला बसवा. पुढच्या वर्षी आरसा लावून घ्या.

आणि बागेत काम करणाऱ्या सगळ्यांसाठी : घडाच्या बरोबर खाली उभं राहून मान मागे टाकू नका. हातभर मागे सरका, एक पाय पुढे, एक मागे, म्हणजे नजर तिरकी वर जाते आणि मान कमी मोडते. उंची कमी असेल तर सपाट जागी मजबूत पाट किंवा स्टूल घ्या. एक ओळ संपली की हात खाली सोडून, हनुवटी छातीकडे आणून दोन मिनिटं उभं राहा. पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या मजूर बायका दिवसभर हात वर, मान वर करून राबतात, आणि घडाच्या हिशोबाने काम असेल तर थांबणं त्यांना परवडत नाही. ती दोन मिनिटं बागायतदारानेच ठरवून द्यायला हवीत. तुम्ही स्वतः ही कळ सोसली आहे, तुम्ही सुरुवात करा.

प्रश्न : वय ५२. कुशीवर वळलं की खोली गरगर फिरते, अर्ध्या मिनिटात थांबते. दोन वर्षं ‘सर्व्हायकल’च्या गोळ्या चालू आहेत. मान फारशी दुखत नाही. फरक का नाही?
— एक गृहिणी, जळगाव

उत्तर : कारण तुमची चक्कर मानेची नसावी. अंथरुणात वळताना किंवा वर पाहताना काही सेकंद येणारी गरगर ही बहुतेक वेळा कानातली असते. आतल्या कानात तोल सांभाळणारे सूक्ष्म खडे असतात, ते जागा सोडून नळीत शिरले की असं होतं. कान-नाक-घसा तज्ज्ञ तुम्हाला खाटेवर विशिष्ट पद्धतीने झोपवून डोळ्यांची हालचाल पाहतात आणि त्याच बैठकीत डोकं ठरावीक क्रमाने फिरवून खडे जागेवर नेतात. पुष्कळांना एका-दोन वेळांत आराम पडतो. चालू गोळ्या त्यांना दाखवूनच बंद करा. चक्कर येताना बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसलं किंवा हातपाय लुळा पडला तर ते वेगळं, तेव्हा थेट हॉस्पिटल.

प्रश्न : उशी घ्यावी की नाही? — निवृत्त शिक्षक, सिन्नर

उत्तर : घ्यावी, सर. कुशीवर झोपत असाल तर खांद्यापासून कानापर्यंतची पोकळी भरेल एवढी, उताणे झोपत असाल तर पातळ. उताणं झोपल्यावर हनुवटी छातीकडे ढकलली जात असेल तर उशी जाड आहे. महागड्या ‘सर्व्हायकल’ उशीची सक्ती नाही. कापसाची घरची उशी चालते, गोळे झाले असतील तर पिंजून घ्या.

प्रश्न : माझे सासरे ७१ वर्षांचे. मान थोडी आखडलेली असते, पण दुखण्याची तक्रार नाही. तीन-चार महिन्यांपासून सदऱ्याची बटणं लावता येत नाहीत, सही बदलली म्हणून बँकेने परत पाठवलं. चालताना पाय फाकवून चालतात, चप्पल पायातून निसटते ते त्यांना कळत नाही. सगळे म्हणतात वय झालं. मला ते पटत नाही.
— एक सून, धुळे

उत्तर : ताई, तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच आहे. मानेत मज्जारज्जूवर दाब आला की अगदी असंच होतं. हातांची बारीक कामं जातात, अक्षर बिघडतं, पायाखालची जमीन नीट कळत नाही, तोल जातो. पुढे लघवीवरचा ताबाही जाऊ शकतो. मान फारशी दुखत नसल्यामुळे घरच्यांचं तिकडे लक्षच जात नाही आणि महिने निघून जातात. पार्किन्सन्स, बी-१२ची कमतरता, मधुमेहाने नसा खराब होणं यांतही काही लक्षणं मिळतीजुळती असतात, म्हणून निदान डॉक्टरांनीच करायचं. पण ते लवकर व्हायला हवं. दाब असेल तर गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, मात्र वेळेवर ऑपरेशन झालं तर पुढचं नुकसान बहुधा थांबतं आणि काहींना बरीच सुधारणाही होते.

अंक छापून येईपर्यंत थांबणं योग्य नव्हतं, म्हणून संपादकांनी पत्रावरच्या नंबरवर तुम्हाला फोन करून हे आधीच कळवलं आहे. इथे छापते ते तुमच्यासारख्या दुसऱ्या घरांसाठी. अशा माणसाला न्यूरोसर्जन किंवा मणक्याच्या सर्जनकडे न्या, खर्चाची अडचण असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये न्या. मानेचा एमआरआय लागेल असं गृहीत धरा. जुने रिपोर्ट, चालू औषधं आणि जुनी-नवी सही असलेले कागद बरोबर घ्या. लक्षणं कधी सुरू झाली ते त्यावरून डॉक्टरांना पटकन कळतं. तोवर मानेला मालीश नाही, ओढणं नाही, आणि वर सांगितलेले व्यायामही त्यांच्यासाठी नाहीत. रात्री बाथरूमला जाताना दिवा चालू ठेवा आणि कुणीतरी सोबत राहा. पडणं त्यांना अजिबात परवडणार नाही.